वाकड्या रानाचं क्षेत्रफळ

फंक्शन तासगावहून आलं होतं आणि पाठवणारा द्राक्षबागांची औषधं विकत होता. संशयाला मला एवढं पुरलं.

गणिताची छोटी छोटी फंक्शनं एकत्र ठेवणारी आमची मोफत लायब्ररी आहे. कुणीही उचलावीत, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडावीत. आत काय घ्यायचं ते दोघं ठरवतो: सांगलीत मी आणि रहिमतपूरला राहणारे माझे शाळेतले गणिताचे सर. चुकीचं फंक्शन एकदा आत गेलं की कुठंकुठं पोचलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी दारात काठी घेऊनच बसते.

हे फंक्शन चार बाजू घ्यायचं, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायचं, दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचं आणि म्हणायचं, हे रानाचं क्षेत्रफळ. चारही बाजू शंभर फूट धरल्या, तर दहा हजार चौरस फूट. तोच चौकोन तिरका करत पापडासारखा चपटा केला, तरी दहा हजारच! उत्तर कधी कमी, कधी जास्त आलं असतं तर मी चूक म्हटलं असतं. हे नेमका काटकोन सोडला तर दर वेळी जास्तच. जास्त क्षेत्र म्हणजे फवारणीला जास्त औषध, तेही माणसांच्या पोटात जाणाऱ्या घडांवर. आणि फवारणी पंधरा दिवसांवर आलेली.

मी सरांना फोन केला. "हा माणूस बागायतदारांना फसवतोय."

"पुरावा?"

"औषधाचं दुकान त्याचंच आहे."

"हा पुरावा व्हय गं? चळवळीची पत्रकं वाचत वाढलीस, तुला प्रत्येक कागदामागं कुणाचा तरी डाव दिसतो. सूत्र नापास कर. माणसाला आधी विचार तरी."

विचारलं. दुकानदार फौजेतून निवृत्त झालेला, कॉम्प्युटर तिथंच शिकलेला.

"ताई, हे सूत्र मी न्हाई काढलं. आमच्याकडं वडलांपासनं असंच मोजत्यात."

"वडलांपासून चुकतंय मग. एक कर्ण मोजा, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. मी बरोबर उत्तर देते."

"लय सोपं सांगितलंत! मधी वेली हायत, तारा हायत. टेप काय हेलिकॉप्टरनं नेऊ?"

कर्ण मागणारं माझं फंक्शन तयार होतं, पण बागेत कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

मग तोच म्हणाला, "बाग आखताना आमी कोपऱ्यात दोरी लावतो. दोन्ही बांधांवर दहा-दहा फूट मोजायचं आणि त्या दोन खुणांमधलं अंतर घ्यायचं. कोपरा किती वाकडा ते कळतं. चालंल?"

कागदावर चाललं. कोपऱ्याचा कोन मिळाला की कर्ण हिशेबानं निघतो. मी पुन्हा सरांना फोन केला. त्यांनी दोन उदाहरणं सोडवली आणि हो म्हटलं. जुनं सूत्र बाहेर ठेवलं.

"आता तरी इस्वास बसला का?" दुकानदारानं विचारलं.

"तुमच्यावर बसला. तुमच्या दहा फुटांवर नाही. तिथं बोटभर चूक झाली तर लांबच्या टोकाला ती कितीतरी वाढते. तीस-तीस फूट मोजा, चारही कोपऱ्यांत. उत्तरं जुळली तरच आत घेईन."

"आवं, फौजेतबी एवढी तपासणी नव्हती!"

"मोजणार का नाही?"

"निघालोय, ताई. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस तर बघू द्या."