साडेबाराचा आवाज

नोकरीतले गुन्हे, माणसं, बदल्या पुष्कळ विसरलो. संग्रामपूर तालुक्यातली ती दुपार मात्र पाठ सोडत नाही. चोरी किरकोळ होती. तरी त्या प्रकरणात स्टेशन डायरीत मी एक नोंद खोटी घातली, आणि ती का घातली हे आता सांगायला हरकत नाही.

उन्हाळा होता. सोनाळ्याच्या पुढच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, गावाबाहेरच्या गोदामात कोणी बाई कोंडून ठेवली आहे. महिना झाला, रोज साडेबाराले तिचा आवाज येते. आज एक वाजून गेला, बाई बोलली नाही. मले त काही खरं दिसत नाही."

"मग महिनाभर गप्प काऊन बसले?"

"गावाले भूत वाटे, साहेब. पण भूत काही खाडा करत नाही."

माणूस गावंढळ असला तरी बावळट नव्हता. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी निघालो.

गोदाम कापसाच्या जुन्या जिनिंगचं होतं. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि माझा हात आपोआप कमरेकडे गेला. समोर विमानाच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक खुर्चीचा पट्टा बांधलेला, जणू कोणी बसलंय. भिंतीच्या कडेने तारेवर गणवेश टांगलेले, खाली पॉलिश केलेले बूट. प्रत्येक गणवेशाला नावाची चिठ्ठी होती आणि निम्म्या नावांमागे 'कै.' लिहिलं होतं. शिपाईबाईने पंखा लावला तसे सगळे गणवेश एकदम हलले. एक पंच बाहेर गेला तो पुन्हा आत आलाच नाही.

पुढच्या रांगेत एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. तेच गोदामाचे मालक.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी ठाण्यावरच निघालो होतो. माझ्या बायकोचा आवाज चोरीला गेला."

त्यांनी सांगितलं ते असं. ते एका विमान कंपनीत मेकॅनिक होते आणि बायको हवाई सुंदरी. कंपनी बुडाली, सामान भंगारात निघालं. यांनी मिळेल ते उचलून मूळ गावी आणलं. मग जुने सोबतीही तिकिटं, कपबशा, उड्डाणाच्या वह्या पाठवू लागले; कोणी वारलं की घरचे गणवेश पाठवत. प्रत्येक वस्तूची नोंद होती. बायको त्याआधीच मुंबईत वारलेली. या गावाचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं. तिची एकच कॅसेट उरली होती, विमानातल्या घोषणेची. महिन्यापूर्वी टेप दुरुस्त झाला तेव्हापासून ते रोज साडेबाराला ती लावत. ती वेळ तिच्या नेहमीच्या विमानाची.

"दुसरी प्रत?"

"सगळ्यांच्या वस्तू नीट ठेवल्या, साहेब. घरचीच राहून गेली." आणि ते रडू लागले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

गुन्हा नोंदवला. कुलूप तुटलेलं नव्हतं. तिथे येणारी माणसं दोनच: पाटील अधूनमधून दारापर्यंत, आणि झाडलोट करणारी साठीची मावशी. दोघांना ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून चहा दिला. ज्याचा संबंध नसतो तो काय गेलं, कधी गेलं, असं विचारतो. पाटलाने ते सगळं विचारलं. मावशीने एकच विचारलं, "सापडली त तो पुन्हा लावीन का?"

मी चहा खाली ठेवला. "मावशी, कुठं आहे?"

तिने लपवलं नाही. "त्याच्या बायकोच्या दहाव्याले पिंडाले कावळा शिवला नाही, तोच बोलला होता मले. जीव अडकला तिचा, साहेब. अन् हा रोज त्या डब्ब्यातून तिले बोलाऊन राह्यला. म्या म्हटलं, नदीत सोडतो, सुटंन बिचारी."

"सोडली?"

"वान नदीच्या काठाले गेली मी. हात उचलेना." तिचे डोळे भरले. "रोज म्हणे, आपका स्वागत है. जन्मात कोणं म्हटलं नाही मले असं. तिले कशी बुडवू?"

कॅसेट तिच्या घरी ज्वारीच्या कोठीत सापडली. पंचनामा झाला, लाखेचं सील लागलं आणि मुद्देमाल मालखान्यात गेला. खरी हकीगत कळल्यावर म्हातारा तक्रार मागे घ्यायला धावत आला, पण आता कोर्टाच्या हुकमाशिवाय कॅसेट देता येत नव्हती. कायद्याला कावळा लवकर शिवत नाही.

आठ-दहा दिवसांनी पाटलाचा फोन आला.

"साहेब, बाई आजबी बोलून राह्यली."

मी आधी मालखाना उघडला. सील शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या आत गोदाम गाठलं. पुढच्या रांगेत म्हातारा आणि शेजारी मावशी, दोघांचे पट्टे बांधलेले. मावशी डोळे मिटून बोलत होती. अक्षर न शिकलेली बाई स्वच्छ हिंदीत, एका लयीत अख्खी घोषणा म्हणत होती. शेवटी "धन्यवाद" म्हणाली, थोडी थांबली, आणि त्याच सुरात, शहरी मराठीत म्हणाली, "चष्मा घेतलात का?"

म्हाताऱ्याचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, तेही टेपमधलंच. मी तसाच निघून आलो.

कोर्टाचा हुकूम आला आणि कॅसेट सुपुर्दनाम्यावर परत दिली त्या दिवशी मी मोबाईल बरोबर नेला, म्हटलं प्रत तरी करून ठेवू. तिघांनी बसून ऐकलं. "धन्यवाद" आलं आणि पट्टी संपली.

"चष्म्याचं कुठंय?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने टेप बंद केला. "ते टेपमध्ये कधीच नव्हतं, साहेब. मी घरातून निघताना ती म्हणायची."

मी मावशीकडे वळलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?" ती म्हणाली. "म्या त धन्यवादावरच थांबतो."

मी शेकडो खोटी माणसं पाहिली आहेत. ती खोटं बोलत नव्हती.

या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की 'माहीत नाही' असं लिहायला आपल्या कागदात रकाना नसतो, म्हणून पोलीस काहीतरी लिहून मोकळा होतो. ठाण्यावर येऊन मीही डायरीत लिहिलं: आवाजाबाबत खात्री केली, आवाज झाडलोट करणाऱ्या बाईचाच, संशयास्पद काही नाही. खाली सही केली. मग चष्मा काढून खिशात ठेवला, आणि खिशावरचा हात बराच वेळ तिथून हलला नाही.