काशाची वाटी

मी पंचवटीत अनाथ मुलांच्या आश्रमात माळी होतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिथली तीन वर्षांची एक पोर सारखी माझ्या मागं असायची. "हिला मलाच द्या," असं मी आश्रमाच्या बाईंना म्हणालो होतो. त्या हसल्या होत्या.

मग तिला दत्तक न्यायला परदेशातून एक गोरा आणि त्याची बायको आली. त्याच्या फायलीत घरातल्या प्रत्येक खोलीचा फोटो, शेजाऱ्यांची पत्रंसुद्धा. तिकडच्या कुणी येऊन त्याचं घर तपासलं होतं म्हणे. माझं घर आश्रमामागं पन्नास पावलांवर, ते बघायला कुणी आलं नाही.

जायच्या दिवशी तो बूट काढून वाफ्यात माझ्याशेजारी येऊन बसला. हातात वही. बाईंनी त्याचं बोलणं सांगितलं, "बाबा, ते विचारतायत, ही दुपारी झोपते कशी? एवढ्या कागदांत तेच कुठं नाही."

रोज तेल लावून काशाच्या वाटीनं मी तिचे तळपाय घासायचो, तेव्हा कुठं तिचा डोळा लागायचा.

"आपोआप झोपते. लय गुणी हाय," मी म्हणालो.

त्यानं तेही मन लावून लिहून घेतलं आणि माझा मातीचा हात दोन्ही हातांत धरला.

वाटी तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशातच होती.