टाकीवरची दोरी

वनितावहिनींचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याला अंगणात बसून माझ्या जुन्या बुलेटची चेन धूत होतो. हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून बायकोने फोन माझ्या कानाला लावला. "भाऊजी, हे गेले हो..." आणि मी मूर्खासारखा विचारून बसलो, "कुठं?" मुरलीभाऊ घरातून गेले म्हणजे कुणाची तरी बंद पडलेली गाडी पाहायला गेले, हीच वीस वर्षांची सवय. पलीकडे वहिनी रडू लागल्या तेव्हा मला कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले. चेन अजून डिझेलच्या डब्यात तशीच पडून आहे.

ते ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर, मी शाळामास्तर. ओळख झाली ती नागपूरला, जुन्या मोटरसायकलींच्या मेळाव्यात. तिथे मैदानाच्या कडेला ताडपत्र्यांवर जुने सुटे भाग विकायला मांडलेले असतात, आणि आमच्यासारखी माणसं उकिडवी बसून त्या भंगारात देव शोधत असतात. हेडलाइटच्या एका रिंगेवर माझा आणि त्यांचा हात एकदमच पडला. मी सोडेना. त्यांनी रिंग उलटी केली, कड अंगठ्याने चाचपली आणि माझ्याच हातात दिली. "घ्या मास्तर, बुलेटची हाय. माह्या राजदूतले बसत नाई." मी मास्तर आहे हे कसं ओळखलं, असं विचारलं तर म्हणाले, "भांडून राह्यले तसेच." त्या दिवशी परतताना वरोऱ्यापर्यंत आम्ही सोबत आलो, आणि त्यानंतर एकही मेळावा मी एकट्याने पाहिला नाही. गडचिरोलीची रॅली असो की मोहर्लीच्या रस्त्याने जाणारी, आम्ही पोचायचो सगळ्यांत शेवटी. वाटेत कुणाची गाडी रुसलेली दिसली की मुरलीभाऊ थांबलेच. मोहर्लीच्या अलीकडे, 'वाघांचा वावर' लिहिलेल्या पाटीखाली, एकदा ते मांडी घालून कुणाचा तरी प्लग घासत बसले होते. मी वैतागून म्हणालो, "अहो, तिथलं जेवण संपेल." वर न बघता म्हणाले, "संपू द्या ना. वनितानं झिंगे देल्ले हायेत डब्यात."

राजदूत त्यांच्या बाबांची. गाव सिंदेवाहीकडे. बाबा तलावात मासे धरायचे आणि ओलं जाळं गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवून काथ्याच्या दोरीने करकचून बांधायचे. पंधरा वर्षं तीच जागा, तीच गाठ. दोरीने घासून टाकीच्या लाल रंगावर दोन बोटं रुंद पट्टा उघडा पडला होता, खालचा पत्रा दिसायचा. बाकी गाडी लखलखीत, पण तेवढा पट्टा मुरलीभाऊ कुणाला रंगवू द्यायचे नाहीत. गंज चढू नये म्हणून दर रविवारी त्यावर तेलाचा बोळा फिरवायचे. मेळाव्यातल्या प्रदर्शनाचे परीक्षक दरवर्षी गुण कापायचे आणि कागदावर लिहून द्यायचे, 'टाकी रंगवून घ्यावी.' मुरलीभाऊ तो कागद घडी घालून खिशात ठेवायचे. जळफळाट व्हायचा तो माझा. जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाला गुणांचंच वेड. एवढ्याशा पट्ट्यापायी पहिला नंबर हुकतो म्हणजे काय?

तीन वर्षांपूर्वी नागपूरला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मेळावा महिन्यावर आला होता, म्हणून तयारीसाठी गाडी माझ्याकडे वरोऱ्याला ठेवलेली. पुढचंही लिहायला हवं. मी टाकी काढली आणि पेंटरकडे नेऊन दिली. पट्ट्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही, चांगली ठाऊक होती. माणूस उगाच हळवेपणाने अडून बसलाय, एकदा पहिला नंबर आला की खूश होईल, असं माझं शहाणपण. पेंटरने पॉलिश पेपरने घासून सगळा पत्रा एकसारखा केला आणि लालभडक रंग मारला. बाबांची पंधरा वर्षं एका दुपारात गेली.

मुरलीभाऊ घरी आले तेव्हा मी गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. ते हळूहळू बाहेर आले. टाकीवर हात ठेवला. जिथे पट्टा होता तिथे अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा... मग म्हणाले, "चांगली झाली मास्तर." त्या वर्षी पहिला नंबर आला. ट्रॉफी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमची हाय." मी ती आनंदाने घरी आणली. आता त्या ट्रॉफीकडे बघवत नाही.

पुढच्या रॅलीला आले ते टाकीवर सतरंजीची वळकटी ठेवून, वर काथ्याची दोरी आवळून. मी ओरडलो, "अहो, नव्या रंगाची वाट लागेल! मागे बांधा ना." ते हसले. "राहू द्या मास्तर, झाडाखाली पडाले कामी येते." पण प्रदर्शनातही ती दोरी सोडेनात. परीक्षकांनी सांगून पाहिलं, मी हात जोडले, काही उपयोग नाही. नंबर पुन्हा गेला. हा माणूस हट्टाने माझ्या कामावर पाणी फिरवतोय, असं वाटून मी दोन महिने त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. ते मात्र दर रविवारी फोन करायचे, बुलेटची चौकशी करायचे.

तेराव्यानंतर वहिनींनी मला गाडीपाशी नेलं. टाकीवर दोरी तशीच होती. वहिनींनी ती जराशी सरकवली. खाली लाल रंग विटला होता, आणि मधोमध एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढा, पत्रा दिसत होता.

"म्या म्हटलं, काऊन खराब करून राह्यले चांगला रंग?" वहिनी म्हणाल्या. "तं म्हणे, बाबाले पंधरा वर्सं लागले, मले किती भेटते पाहू. पन मास्तरले नोको सांगू म्हणे. त्यायनं मोठ्या हौसेनं रंगवली."

मी तिथेच ओट्यावर बसलो. माफी मागायला तीन वर्षं होती हो माझ्याकडे. त्यातले दोन महिने तर मी रुसण्यात घालवले.

गाडी वहिनींनी मलाच दिली. गेल्या रविवारी मोहर्लीच्या रस्त्याने रॅली होती. मी बुलेट घरी ठेवली आणि राजदूत काढली. सतरंजीची वळकटी टाकीवर ठेवली, दोरी बरोबर त्याच जागी आवळली. पण मुरलीभाऊंची गाठ मला येत नाही, शिकून घ्यायचं कधी सुचलंच नाही. दर आठ-दहा किलोमीटरवर दोरी सैल पडते. मग मी रस्त्याच्या कडेला थांबतो आणि पुन्हा बांधतो. पोचलो तेव्हा जेवणं आटोपली होती.