जोडी असतीच, हुडक

गणित घालण्याआधी सर फळ्याकडे तोंड करून क्षणभर काहीतरी पुटपुटत. पोरं म्हणायची, मंत्र म्हणतात. वडूजच्या आमच्या शाळेत त्यांचं खरं आडनाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, ते पुटपुटे सरच झाले. मंत्र संपला की फळ्यावर वर्ग त्रिपदी उमटायची आणि तिचे दोन कंस पाडणं आमच्या नशिबी यायचं.

"शेवटचं पद हा गुणाकार, मधलं पद ही बेरीज. अशी दोन आकड्यांची जोडी असतीच. हुडक." हे वाक्य आम्ही झोपेतही म्हटलं असतं. एकदा मागच्या बाकावरचा एकजण वैतागून म्हणाला, "सर, हे न्हाई फुटत." सर हसले. "फुटत न्हाई असं काय नसतं गड्या. तू दमलास. गणित न्हाई दमलं." आणि खरंच, मधल्या सुट्टीपर्यंत ते फुटलं.

उत्तर बरोबर की चूक, हे ते कधी सांगत नसत. खडूचा तुकडा पुढे करायचे. "कंस परत गुण. खोटं असलं तर गुणल्यावर सापडतंय." एसटीची वाट बघत उभे असले तरी सोडायचे नाहीत, एखादी त्रिपदी गळ्यात मारूनच गाडीत चढायचे. माझ्यावर तर विशेष मेहेरबानी. "तुला सांगलीला जायचंय," म्हणायचे आणि मला सगळ्यांत अवघड द्यायचे. मला त्याचा केवढा तोरा होता!

सांगलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा आली. वडिलांनी बजावलं होतं, "नंबर लागला तर सांगली, न्हाईतर हितंच आर्ट्सला." पहिलंच गणित: x² + 5x + 8. गुणाकार आठ, बेरीज पाच. एक आणि आठ, नऊ. दोन आणि चार, सहा. वजा चिन्हं लावून पाहिली, अपूर्णांक घेऊन पाहिले. प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'अवयव पडत नसल्यास तसे लिहा.' ती ओळ भित्र्यांसाठी असावी असं मला वाटलं. जोडी असतेच म्हणून हुडकत बसले. घंटा झाली तेव्हा पुढची पानं कोरीच होती. नंबर लागला नाही.

तशीच सरांच्या घरी गेले आणि गणित सांगितलं. त्यांचे ओठ हलले. "न्हाई फुटत ते," लगेच म्हणाले. इतक्या सहज! तेव्हा मला तो मंत्र कळला. सर आधी दोन कंस ठरवत, मनात गुणत, आणि आलेला गुणाकार आम्हाला देत. आमच्यापुढे आलेलं प्रत्येक गणित आधीच फुटलेलं होतं.

"मग सांगितलं का न्हाई, सर?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या मिनटाला सगळ्यांनी 'फुटत न्हाई' म्हणून पेन खाली ठिवलं असतं." मग म्हणाले, "च्या घेतीस का?"

मी घेतला नाही. ज्याच्या शब्दावर डोळे झाकून चालले, त्यानेच मला फसवलं होतं. पुन्हा त्या घराची पायरी चढले नाही. सर गेल्याचंही उशिरा कळलं.

वर्षभर आर्ट्सला काढून, घरी भांडून मी सायन्सला गेलेच. आता तासगावात गणित शिकवते. काही त्रिपदी फुटत नाहीत, हे पहिल्याच तासाला सांगून टाकते. परवा x² + 5x + 6 दिलं. दोन आणि तीन, अगदी सोपी जोडी. एका मुलीने फळ्याकडे नुसतं पाहिलं आणि पेन ठेवलं. "मॅडम, हे त्या न फुटणाऱ्यातलं हाय." वर्गावर नजर टाकली, तर निम्म्यांची पेनं बाकावर.

तुमचं बरोबर होतं, सर. पण मला तरी सांगायचं होतं.