दोन घास वरणभात

हे मी आजवर कुणापाशी काढलं नाय. नवऱ्यापाशी नाय, देवापुढं तर नायच — तिथं हात जोडून भलतंच काहीतरी मागायचं, हे मला छान जमतं. तुमाला का सांगतेय, तेही धड कळत नाय.

मुरबाडकडच्या आमच्या घरात काविळीचं औषध देत. सासूबाईंकडून ते माझ्याकडं आलं. रविवार-बुधवार, उपाशीपोटी, ताकात उगाळलेली एक मुळी. पैसा घ्यायचा नाय, मुळीचं नाव सांगायचं नाय. आणि एकवीस दिवस पथ्य — तेल नाय, मासळी नाय, डाळ नाय, नुसती पेज. पार आटगावहून माणसं यायची.

मुळी टेकाडावर एकाच जागी मिळायची. तिथं कुणाचं तरी फार्महाऊस झालं, जेसीबीनं टेकाड सपाट केलं. मग मी काय केलं? अंगणातल्या दुर्वा वाटल्या. म्हटलं, एवढा रविवार भागवू. सात वर्षं भागवलं. आणि माणसं बरी होत होती — आता सांगा, कशानं? सासूबाईंच्या मुळीनं तरी कुणी बरं झालं होतं का? आरोग्य केंद्रातली सिस्टर एकदा म्हणाली, बहुतेक कावीळ अंग आपलं आपणच परतवतं, पण लढायला त्याला अन्न लागतं, उपाशी ठेवू नका कुणाला. मी मान डोलावली. घरी येऊन पथ्य तेच सांगत राहिले. बदललं असतं तर आधीचं खोटं ठरलं असतं ना?

मग भारती पिवळी पडली. माझी चुलत जाऊ, दोन घरं सोडून राहायची. ती दवाखान्यात निघाली होती. मीच म्हटलं, आधी घरचं औषध घे. बाराव्या दिवशी बरळायला लागली. कल्याणला नेली, तिथंच गेली. लवकर आणली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाय.

तेराव्यानंतर तिचे यजमान, संतोष भाऊजी, माझ्या ओट्यावर येऊन बसले. "वयनी, मीच मारली तिला," म्हणाले. "भुकेनं कळवळत होती. दोन घास वरणभात भरवला मी. पथ्य मोडलं."

तेव्हा बोलायचं होतं. भाऊजी, त्या नुसत्या दुर्वा होत्या, तुमच्या घासांनी काय नाय झालं — एवढंच. ओठांवर आलं होतं. आणि मी काय म्हटलं?

"पथ्य मोडायचं नसतं, भाऊजी."

त्या बारा दिवसांत तिच्या पोटात धड अन्न गेलं, ते तेवढंच.

औषध मी बंद केलं. मुळी मिळत नाय, असं सांगितलं. खरंच होतं ते, सात वर्षं.

परवा पूजेची पंगत बसली आमच्याकडं. वरण आलं तसा भाऊजींनी पानावर हात आडवा धरला. तीन वर्षं धरतात. वाढत मीच होते. पुढच्या पानाकडं सरकले.