मान हलवून चालणार नाही

"समजलं समजलं करू नको. परत सांग."

बाईंचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, तो आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात कधी कामालाच नव्हता असं खुशाल समजा. आमचं काम पत्र्याच्या क्लिपा काढायचं. सहा पॉवर प्रेस एकदम सुरू झाल्या की शेजारचा माणूस काय बोलतोय ते देवालाच ठाऊक. म्हणून कुणी काही ओरडलं की मान हलवायची आणि कामाला लागायचं. अशा कुठल्याही गाळ्यात डोकावून बघा, हीच पद्धत.

बाई क्वालिटी बघायच्या. राहायला भांडुपला, मूळच्या मालवणकडच्या. मान हलवलेली त्यांना खपायची नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहायच्या. "मान बैल पण हलयता. तू तोंडान सांग."

एकदा मालकांना हुक्की आली आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना रिसॉर्टवर नेलं. एक टायवाले सर आमची 'टीम' बनवायला आले होते. कागदी ग्लासांचा मनोरा रचा, डोळे बांधून चाला, असलं सगळं. आम्ही पोहलो, पोटभर जेवलो, परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी डाय, म्हणजे प्रेसचा साचा, कुणी वाकडी लावली यावरून कडाकडा भांडलो. बाईंनी मात्र त्यातला एक खेळ उचलला. दर शनिवारी मशीनी सुरू करण्याआधी दहा मिनिटं. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. दोघांकडे सारखेच नट, बोल्ट, वॉशर. एकानं आपल्या ताटात ते मांडायचे आणि कसे मांडले ते सांगायचं. दुसऱ्यानं ते आधी बोलून दाखवायचं, मगच हात लावायचा. शेवटी दोन्ही ताटं सारखी दिसली पाहिजेत.

मला तो शुद्ध पोरखेळ वाटायचा. मी डिप्लोमावाला सुपरवायझर! पहिल्याच शनिवारी माझी जोडी पॅकिंगच्या काकूंशी लागली. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी "हां हां, कळलं" म्हणून बोल्ट ठेवून मोकळा. ताटं शेजारी शेजारी ठेवल्यावर अख्खा गाळा खिदळला. काकूंचं ताट रांगोळीसारखं, माझं म्हणजे भंगारवाल्याची पाटी.

"डिप्लोमात आयकाक शिकवत नाय काय रे?" बाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. खोटं कशाला सांगू, रागच आला होता.

मग दसऱ्याला मशीनींच्या पूजेला त्यांचे मिस्टर आले. प्रसादाला हात पुढे केला तेव्हा दिसलं, उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातच संपलेली. त्यांच्या जुन्या कंपनीत प्रेसखाली गेली होती. "हे 'थांब' म्हणाले होते," बाई हळूच म्हणाल्या. "समोरच्यानं मान हलवली, आणि पॅडल दाबलं." मिस्टर आपले हसत होते. "प्रसादाक आठ पुरे," म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. त्या दिवसापासून शनिवारी मी मुकाट पाठीला पाठ लावून बसायला लागलो.

मागच्या वर्षी बाई रिटायर झाल्या. आम्ही साडी-नारळ दिलं, मालकांनी भाषण केलं. आणि ऑर्डर तुंबल्यावर दोन महिन्यांत शनिवारचा खेळ बंद झाला. बंद मीच केला.

त्यानंतरची गोष्ट. चार नंबरच्या डायमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला. आमचा फिटर मागच्या बाजूनं हात घालून तो काढत होता. मशीन बंद करायला हवी होती, मान्य, आणि ते बघणं माझंच काम होतं. पण घाई होती. पुढे बसलेल्या ऑपरेटरला मागचा फिटर दिसत नव्हता. मी जाता जाताच ओरडलो, "थांब, मागे हात आहे!" त्यानं मान हलवली. मी वळलो, दोन पावलं गेलोसुद्धा. आणि काय झालं कुणास ठाऊक, बाईच मागे उभ्या आहेत असं वाटलं. मी परत आलो.

"काय सांगितलं मी? परत सांग."

त्यानं कानातला बोळा काढला. "काय झालं, साहेब?"

त्याचा पाय पॅडलवर होता. मी झडप घालून मेन स्विच पाडला. फिटर मागून वैतागला, "अरे यार, बंद कशाला केलीस? निघालाच होता तुकडा!" मी त्याचे दोन्ही हात धरून नुसता बघत राहिलो. तिथंच खोक्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि बाईंना फोन लावला.

सगळं सांगितलं. खेळ मीच बंद केला होता, तेही सांगितलं. आता शिव्या बसणार, म्हणून वाट बघत होतो.

"परत सांग," बाई म्हणाल्या.

"बोटं वाचली, बाई. येत्या शनिवारपासून खेळ सुरू."

"थांब. आता ह्यांका सांग."

मिस्टर फोनवर आले. मी त्यांनाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "धाय?"

"दहाच्या दहा, काका."