डाव्या हाताचं घर

माझ्या धाकट्या भावाच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच अडायचा. हात नेहमीच्या उंचीवर कडी शोधत राहायचा आणि कडी असायची पार खाली, पाहुण्याच्या गुडघ्याशी. आत गेलं की कपडे टांगायच्या खुंट्या कमरेएवढ्या. ड्रॉवरच्या मुठी मधोमध नव्हत्या, सगळ्या डाव्या कडेला. भाऊ सुतार आहे, आणि हे घर त्याने आपल्या मुलीच्या डाव्या हातासाठी लावलेलं होतं. आम्ही मोठी माणसं तिथे वाकून वाकून कंबर धरायचो.

मुलीला आम्ही ठकी म्हणतो. जन्माच्या वेळी तिचा खांदा अडकला. बाहेर काढताना मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आणि उजवा हात लुळा पडला. तान्ही असतानाच नसांचं ऑपरेशन करायचं का, असा प्रश्न आला होता. पण थोड्या महिन्यांत कोपर आपलं आपण वाकू लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, थांबू या. कोपर सुधारलं, बोटं सुधारली, खांदा मात्र पुरता आला नाही. हात आतल्या बाजूला वळलेलाच राहिला. त्या हाताने काही तोंडात घालायचं तर आधी कोपर वर जायचं, तुतारी वाजवल्यासारखं.

भावाने तेव्हा जो धसका घेतला, तो घेतलाच. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो तिचं कोपर तिच्या कुशीला टेकवून मनगट हळूहळू बाहेर वळवायचा. ती रडू नये म्हणून तोंडाने गाडीचे आवाज काढायचा. आणि मला विचारायचा, “ताई, तेव्हा थांबायला हो म्हटलं, त्यात घाई केली का गं मी?” हे इतक्यांदा ऐकलं की एकदा मी खेकसलेच, “अरे, थांबायची घाई कशी करतात?” तो हसला नाही.

ठकी शाळेत जाऊ लागली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ठरवायला हवं. भाऊ, भावजय आणि मी, तिघंही गेलो होतो. बाई आमच्याकडे फारसं न बघता ठकीलाच बाहुली उचलायला लावत होत्या. मग खुर्ची आमच्याकडे वळवून म्हणाल्या, “दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाठीकडचा स्नायू सोडवून खांद्याला मागून जोडायचा. तो हात उचलायला आणि बाहेर वळवायला मदत करतो. काही आठवडे प्लास्टर, मग कितीतरी महिने व्यायाम. पण गुण किती येईल हे छातीठोकपणे नाही सांगता येत. दुसरा मार्ग म्हणजे दंडाचं हाड कापून, बाहेर वळवून, पट्टीने बसवायचं. त्यात हात नक्की वळतो. पण जितका बाहेर वळेल तितका आत यायचा कमी होतो. पोटाशी, पाठीशी न्यायला जड जातं.”

“आणि काहीच नाही केलं तर?” भावजयीने विचारलं.

“तसंही करता येतं. पण वाढत्या वयात सांधा बिघडायची भीती आहे. बरं, घरी हा हात काय काय करतो?”

भावाचा चेहरा खुलला. “काहीच करावं लागत नाही त्याला, मॅडम! मी सगळं डावीकडे घेतलंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. “सांधा तुम्ही छान राखलाय, म्हणून तर पहिला मार्ग अजून मोकळा आहे. पण हा हात तिला कशाला लागतो हेच माहीत नसेल, तर काय घालवायचं आणि काय मिळवायचं ते ठरवणार कसं? बघून या.”

 घरी आल्या आल्या तो स्क्रू काढायला बसला. कडी वर गेली, मुठी मधोमध आल्या. ठकीने आकाशपाताळ एक केलं. “माझी कडी कुठंय? बाबा, तू वाईट आहेस!” अति तिथे माती, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याचं तोंड बघून गिळलं.

आधी ती नुसतीच आईला हाका मारायची. मग हळूहळू उजवा हात बाहेर पडू लागला. ड्रॉवर ती त्या हाताने दाबून धरायची, डबा पोटाशी कवटाळायची. भाऊ डोळ्यांत तेल घालून बघत होता. एकदा मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. आत ठकी उजव्या बोटांनी चड्डीची कंबर पोटाशी ओढून धरत होती आणि डाव्या हाताने बटण लावत होती. बाप दिसताच ओरडली, “बघू नकोस! माझं मी करते!”

तो तसाच माझ्याकडे आला. “ताई, हाड वळवलं तर हे जाईल. आणि स्नायूने गुणच नाही आला तर? उगाच कापाकापी केली असं होईल ना?”   मन चिंती ते वैरी न चिंती, आणि मी त्याच्याहून वाईट चिंतत होते.

बटणाचं ऐकून बाई म्हणाल्या, मग स्नायूचंच करू, हाडाचा मार्ग पुढे राहतोच. ऑपरेशनच्या वेळी भाऊ बाहेरच्या बाकड्याची ढिली फळी हाताने दाबत बसला होता. ठकी बाहेर आली ती हात वर धरलेल्या प्लास्टरमध्ये, वर्गात उत्तर येत असल्यासारखी. प्लास्टर निघालं आणि हात नुसता लोंबला. व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट म्हणायची, “स्नायूला नवं काम शिकायचंय, वेळ द्या.” आठवडे गेले. हात ढिम्म. भावाचं जेवण सुटलं, भावजय एकटीच रडायची, आणि मी दोघांना धीर देता देता स्वतःच खचत चालले होते.

एका सकाळी व्यायामाच्या खोलीत भाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसला होता. ठकी वैतागली. “बाबा, तू टक लावून बघतोस म्हणून तो येत नाही. तिकडे तोंड कर.”

तो मुकाट्याने भिंतीकडे वळला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “चल, कोपर कुशीला. आता बाहेर. आता वर.” मी भावजयीचा दंड घट्ट धरला होता.  भाऊ भिंतीकडे बघत विचारत राहिला, “काय झालं? ताई, काय झालं?”

मागून त्याच्या मानेवर एक तळवा पडला.

“ओळख, कुठला?” ठकी म्हणाली.

तो वळला नाही. त्याने आपला हात मागे नेऊन त्या हातावर ठेवला. तो बारीक होता, जरा गार होता, रोज सकाळी त्याने हातात घेतलेला होता.

“उजवा,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करूनच रडला.